चंद्रकोरीचा कोरडा वाडगा

मॅडम,

तुमच्या निरीक्षणांच्या वहीत निळ्या शाईनं लिहिलेली, दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ आहे. 'चंद्रकोरी, कोरडा वाडगा. पहिलं पान. वरून पाण्याचा स्पर्श नाही.' त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पाण्याचा स्पर्श झाला होता. मी केला होता, सलग तीन दिवस, ड्रॉपरनं. तुम्ही ती ओळ लिहिलीत तेव्हा मी तुमच्या खुर्चीमागं उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याच वर्षी तुम्ही गेलात. त्याला आता सात वर्षं होतील. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की गेलेल्या माणसाच्या वहीतली चूक कुणाला टोचत नाही. गेल्या भाद्रपदात ती टोचायला लागली. का ते सांगतो. तुम्ही म्हणायचात, 'तू बोलायला लागलास की थेट शेवटाला जातोस, मधलं सगळं समोरच्यानं ओळखायचं.' म्हणून आज पहिल्यापासून सांगतो, तुम्हाला माहीत असलेलंसुद्धा.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा वनस्पतिशास्त्राचा वर्ग, आणि तुम्ही प्रत्येकाला घराजवळचं एक झाड आणायला सांगितलेलं. शहरातल्या पोरांनी क्रोटन आणले, मनी प्लांट आणला, एकानं शेजाऱ्याच्या कुंडीतला गुलाब तोडून आणला. मी दुधनीच्या अलीकडच्या खेड्यातून येणारा, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी, तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मी वहीत दाबून हंसराज नावाचा नेचा आणला होता. काळ्या तारेसारखा देठ, त्यावर कोथिंबिरीसारखी पानं. तुम्ही तो उचललात आणि बाकीच्यांच्या झाडांकडं बघायचंच विसरलात.

'हे कुठलं?'

'विहिरीतलं.'

'विहिरीत कोण उतरलं?'

'मीच की, मॅडम. रोज उतरतो. पोहायला.'

वर्ग हसला, तुम्ही नाही हसलात. पान उलटं करून तुम्ही मला त्याचा काठ दाखवला. काठ आत दुमडलेला होता, परकराला टीप मारावी तसा. पांढऱ्या कागदावर तुम्ही पानाला टिचकी मारली आणि तपकिरी धूळ पडली, इतकी बारीक की मी श्वास सोडला तर ती उडाली. मी म्हणालो, बी आहे होय? तुम्ही म्हणालात, 'बी नव्हे. नेच्याला बी नसतं. हे बीजाणू. आणि गंमत अशी, की ह्यातून नेचा उगवतच नाही. दुसरंच काहीतरी उगवतं.' 'दुसरंच म्हणजे?' 'ते बघायला तुला चार महिने रोज यावं लागेल. येशील?' त्या वेळेपर्यंत मला कुणी काही बघायला बोलावलं नव्हतं, मॅडम. कामाला बोलवायचे, भांडणाला बोलवायचे. मी हो म्हणालो.

तीन जातींचे हंसराज होते. पहिला माझ्या विहिरीतला. दुसरा चंद्रकोरी, अर्ध्या चंद्राच्या पानांचा, पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला येतो आणि दिवाळीनंतर वाळून दिसेनासा होतो. तिसरा केसाळ, तुम्ही केमजवळच्या एका दगडी मोरीतून आणलेला, ज्याच्या पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथंच मूळ धरतं. एका घराण्यातले तिघे. तुमचा प्रश्न साधा होता: तिघांचं बाळपण सारखं असतं का? त्यासाठी तुम्ही घरचा प्रेशर कुकर कॉलेजात आणलात. मागच्या खोलीत शेगडीवर कुकर, कुकरात विटांचे तुकडे, म्हणजे बुरशी मरावी. दारातून डोकावून शिपाई मावशी म्हणाल्या, 'मॅडम, आज विटांची आमटी काय?' तुम्ही शिट्ट्या मोजत होतात, बोटानंच 'थांबा' म्हणालात. त्या विटा काचेच्या वाडग्यांत ठेवल्या, तळाला पाणी घातलं, वर काचेचं झाकण. वीट खालून पाणी ओढून घेते. त्यावर पुडीत जमवलेली बीजाणूंची धूळ टिचकीनं पेरली. प्रत्येक जातीचे दोन वाडगे, एक ओला, एक कोरडा. ओल्याला दोनेक महिन्यांनंतर वरून ड्रॉपरनं पाणी द्यायचं, कोरड्याला फक्त खालून. विहिरीतला माझ्याकडं, केसाळ एका बार्शीकडच्या पोराकडं, आणि चंद्रकोरी तिच्याकडं.

तिच्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळं बघत होतात. तिचं घर शहराच्या पूर्व भागात, घरात माग, घरात तेलुगू. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती पेशी मोजायची तेव्हा ओठांतल्या ओठांत 'ओकटी, रेंडु, मूडु' चालायचं. मी माझे पेशींचे आकडे विसरायचो आणि तिचे ऐकत बसायचो. एकदा तुम्ही मागून येऊन म्हणालात, 'तुझ्या वाडग्यात आज किती?' मी म्हणालो, 'मूडु.' त्या दिवशी मात्र तुम्ही हसलात.

आणि मग ते उगवलं. त्याचं मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. आधी तपकिरी कण फुगला. मग त्याच्यावरची तीन रेघांची खूण उकलली, त्यातून एक पांढरा दोरा खाली गेला, आणि एकच हिरवी पेशी वर आली. एक पेशी! एवढीशी खोली, आत हिरवे गोळे भिंतीला टेकून बसलेले. दोन दिवसांनी दोन पेशी, मग तीन, एका रांगेत. तिथपर्यंत तिघे तिळे होते, चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर तुम्हीसुद्धा ओळखले नसते. आणि मग वाटा फुटल्या. माझा विहिरीतला चौथ्या-पाचव्या पेशीला रुंद व्हायला लागला, चंद्रकोरी दुसऱ्या-तिसऱ्यालाच, जणू तिला उशीर होत होता. केसाळ आठवडाभर मागं राहिला आणि एक बाजू आधी वाढवून वाकडाच चालला. रांगेची झाली पातळ हिरवी चकती, नखापेक्षा लहान, म्हणून आपण तिला टिकली म्हणायला लागलो. टिकलीला वर खाच पडली. नेच्यासारखं त्यात काहीही नाही. पान नाही, देठ नाही. मी तुम्हाला विचारलं, हे नेच्याचं पोर म्हणायचं का? तुम्ही म्हणालात, 'पोर नव्हे, ते स्वतंत्र झाड आहे. त्याचं पोर म्हणजे नेचा. आणि नेच्याचं पोर म्हणजे हे. दोघं एकमेकांसारखी कधीच दिसत नाहीत, आणि एकाशिवाय दुसरं होत नाही.' मी लहानपणापासून त्या विहिरीत उड्या मारत होतो. माझ्या डोळ्यांसमोर दगडांच्या फटींत हे दुसरं झाड हजारदा जगून गेलं असणार, आणि मी ते शेवाळ समजून पायानं घासून काढत होतो.

खाच पडलेल्या टिकलीचं चित्र मी झकास काढलं होतं. दोन्ही बाजू सारख्या, खाली टोक. तुम्ही लाल पेनानं त्यावर काट मारलीत. 'हा पत्त्यातला बदाम आहे. तू जे मनात घेऊन बसलायस ते काढलंस. काचेखाली जे आहे ते काढ.' मी चिडलो, पेन्सिल आपटली. तुम्ही ती उचलून, टोक करून, परत माझ्या हातात दिलीत. काचेखाली बघितलं तर डावी बाजू मोठी होती, उजवीला एक दात पडलेला. त्या दिवसापासून बार्शीवाला मला बघितलं की म्हणायचा, 'चला, बदाम सात लावा.'

फेब्रुवारीत पेरलेलं, एप्रिलअखेर ओल्या वाडग्यांना वरून पाणी दिलं, आणि त्यांच्यात बारकी पानं आली. तिन्हींत आली. आता प्रश्न कोरड्यांचा होता. टिकलीवर नराच्या पेशी तयार होतात, त्यांना मादीपर्यंत पोहत जावं लागतं. पोहायला वर पाण्याचा थर नसेल तर भेट नाही, आणि भेट नाही तर पान नाही. पण काही नेचे भेटीची वाटच बघत नाहीत, टिकलीच्या अंगातून सरळ पान काढतात. आपल्या कोरड्या मुलखातली चंद्रकोरी तसली असावी, असं तुमच्या मनात कितीतरी वर्षं होतं. तिच्या टिकल्या कापून बघितल्या तर मादी-पेशी जिच्यात असते ती सुरई कुठंच दिसली नव्हती. पण तुम्ही म्हणायचात, 'दिसली नाही म्हणजे नाही, असं मी लिहिणार नाही. कोरड्या वाडग्यात पान येऊ दे, मग लिहीन.' तुमचं सगळं त्या एका वाडग्यावर होतं. हे मला ठाऊक होतं, मॅडम. अडाणीपणातून झालं असं मी म्हणत नाही.

मे महिन्यात तिच्या बहिणीचं लग्न निघालं. ती तीन दिवस येणार नव्हती. जाताना म्हणाली, 'माझ्या वाडग्यांकडं बघ. कोरड्याला फक्त खालून, विसरू नको.'

'मी काय विसरतो का?'

'तू विसरत नाहीस. तू जास्ती करतोस.'

पहिल्याच दिवशी दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला. सोलापूरचा मे, मागच्या खोलीत तवा तापलेला. मी झाकण उचललं तर तिच्या कोरड्या वाडग्यातली वीट वरून पांढुरकी दिसायला लागलेली आणि टिकल्यांचे काठ वर वळलेले. आमच्याकडं शेळ्यामेंढ्यांत वाढलेल्या माणसाला तहानलेलं काही दिसलं की आधी हात पाण्याकडं जातो, डोकं नंतर चालतं. मी ड्रॉपर घेतला. एकेका टिकलीवर एकेक थेंब. त्या उलगडल्या. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी ती आली, हातावर मेंदी, वाडग्यात डोकावून म्हणाली, 'अय्या, किती टवटवीत ठेवल्यास रे!' तेव्हा मला कळलं मी काय केलंय. सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं. ती हसत होती. मी वाक्य गिळलं.

अठराव्या दिवशी पान आलं. त्या सकाळी ती किंचाळली, तुम्ही डबा उघडा टाकून पळत आलात, बोटांना शेंगाचटणी लागलेली. तुम्ही काचेतून बघत राहिलात. दुसऱ्या दोघांचे कोरडे वाडगे बघितलेत, तिथं काही नव्हतं. परत तिच्या वाडग्याकडं आलात. माणसाचं तोंड इतकं लहान मुलासारखं होतं हे मला माहीत नव्हतं. 'पाण्याशिवाय,' तुम्ही म्हणालात, 'बघा रे, हिनं पाण्यावाचून काम भागवलं.' तिच्या डोक्यावर हात ठेवलात, मग माझ्या. आणि खुर्चीत बसून ती ओळ लिहिलीत.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. तुम्ही वर्गात जाहीर केलंत, की परिषदेत हे मांडायचं आणि आम्हा तिघांची नावं लावायची. तास सुटल्यावर जिन्यात बार्शीवाला माझ्या कानाशी म्हणाला, 'पाण्याशिवाय व्हय? मग तीन दिवस ड्रॉपर घेऊन बदामाला अभिषेक कोण घालत हुता रं?' त्याला वाडग्याचं काही पडलं नव्हतं, तो मला तिच्यावरून चिडवत होता. पण ती दोन पायऱ्या खाली होती. तिनं ऐकलं तर? मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्त आलं, त्याच्या आणि माझ्या शर्टावर. सगळ्या कॉलेजला वाटलं, पोरीवरून मारामारी. तिलाही तेच वाटलं, ती महिनाभर माझ्याशी बोलणार नाही म्हणाली.

तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत. ओरडला नाहीत. कोरा कागद पुढं केलात. 'माफी नको लिहूस, तुझ्याकडून ती खोटीच येईल. फक्त कारण लिही. त्यानं काय म्हटलं आणि तुला का लागलं. मी प्राचार्यांशी बोलते.' मी त्या कागदासमोर किती वेळ बसलो असेन! कारण एका ओळीचं होतं. ती ओळ लिहिली असती तर तुमची ओळ खोडावी लागली असती. मी खुर्ची मागं ढकलून उठलो आणि म्हणालो, 'नाही लिहीत. नाव काढून टाका माझं.' तुम्ही म्हणालात, 'पळतोयस.' एवढंच. मी खरंच पळालो, जिन्यावरून, फाटकातून, स्टँडपर्यंत. परत कॉलेजात पाय टाकला नाही. त्या वर्षी मार्गशीर्षात वर्गाच्या ग्रुपवर तुमचा हार घातलेला फोटो आला. मी तेव्हा अक्कलकोटला टेम्पोवर होतो. गाडी बाजूला घेतली. तुमच्या आजाराचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आता मी सात रस्त्याजवळ एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. घरोघरी जाऊन नमुने आणायचे, काचपट्ट्या धुवायच्या. तपासायचं काम अण्णा करतात, पन्नाशीचे, तेलुगू माणूस, कानावर कायम पेन. भाद्रपदात तिथंच तिचा फोन आला. किती वर्षांनी आवाज ऐकला, तरी 'हॅलो'तच ओळखला. ती आता दुसऱ्या गावच्या विद्यापीठात नेच्यांवरच पीएच.डी. करते. तुमच्या भावानं तुमच्या वह्या तिला दिल्यात.

'मॅडमची ती ओळ मी प्रबंधात घेणार आहे. त्यांचं नाव देऊन. पहिलं निरीक्षण त्यांचं होतं हे लोकांना कळू दे की. फक्त एक विचारायचं होतं. मी लग्नाला गेले ते तीन दिवस तू बघत होतास ना? कोरडंच होतं ना?'

'हो.'

'नक्की?'

'सांगितलं की हो म्हणून!' मी उगाच चढ्या आवाजात बोललो.

'चिडतोस काय? बरं. होळीच्या आत जमा करायचाय, म्हणून विचारलं.'

फोन ठेवला आणि माझ्या हातातली काचपट्टी फुटली. आधी ती तुमची एकटीची चूक होती, आता छापून तिच्या नावावर जाणार होती. कुणी उद्या तिला विचारलं, तर ती माझ्या 'हो'वर उभी. त्याच रविवारी मी गावाकडं गेलो. ओढ्याच्या काठाला चंद्रकोरी शोधत वाकलेला बघून आमचे आप्पा मेंढरं सोडून जवळ आले. 'काय हुडकायलास?' मी पान दाखवलं. 'ह्यो पाला? शेरडं बी तोंड लावत न्हाईत ह्याला. औषधाला हाय व्हय?' मी म्हणालो, 'एक चूक दुरुस्त करायची हाय.' आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता माझ्यापेक्षा चांगली, मागं तपकिरी काठ आलेली पानं वेचून दिली. विहिरीतला हंसराज आहे तिथंच होता. केसाळासाठी एका सकाळी केमला गेलो. मोरी शोधायला दोन तास लागले, तुम्ही खूण म्हणून सांगितलेली चिंच आता नाही.

विटा कुकरात शिजवल्या. सहा वाडगे, तुमच्यासारखेच. ते अण्णांच्या परवानगीनं लॅबच्या मागच्या खिडकीत ठेवले. ड्रॉपर मी कपाटात घालून किल्ली अण्णांकडं दिली. अण्णा म्हणाले, 'काय रे, ड्रॉपर म्हणजे दारू आहे का कुलपात ठेवायला?' मी म्हणालो, 'माझ्यासाठी आहे तशीच.' जेवणाच्या सुट्टीत रोज एक तास सूक्ष्मदर्शक माझा. आणि मॅडम, सगळं परत तसंच झालं. तोच तीन रेघांचा कण, तोच पांढरा दोरा, तीच एक हिरवी खोली. विहिरीतला चौथ्या-पाचव्या पेशीला रुंद झाला. चंद्रकोरीला परत घाई. केसाळ परत वाकडा. सात वर्षं झाली, तुम्ही नाही, मी कॉलेज सोडलेलं, ती दुसऱ्या गावी, आणि ह्या धुळीला कुठं वळायचं ते जसंच्या तसं पाठ. मला हे बघताना पहिल्यांदा वाटलं, की ह्यात मी नसलो तरी चालतं. हे वाटणं फार मोठं होतं. मी आजवर प्रत्येक गोष्टीत स्वतः असायलाच पाहिजे असं वागत आलोय.

विहिरीतल्याच्या ओल्या वाडग्यातली एक टिकली मी पट्टीवर घेतली आणि अण्णांच्या समोर थेंब टाकला. थोड्या वेळात तिच्या अंगावरच्या बारक्या पेटार्‍या फुटल्या आणि नराच्या पेशी बाहेर पडल्या, स्प्रिंगसारख्या पिळाच्या, गरगरत. आधी दाही दिशांना, मग जणू कुणी हाक मारली तशा एकाच सुरईच्या तोंडाकडं. अण्णा डोळा लावून बसले, पेन कानावरून पडलं तरी उचललं नाही. मग म्हणाले, 'अरे, आपल्या सकाळच्या पेशंटच्या शुक्राणूंपेक्षा हे जोरात पळायलेत की!' हसले, आणि हसू थांबल्यावर हळू आवाजात म्हणाले, 'ह्याला डोळा नाही, डोकं नाही. मग ह्याला कळतं कसं?' मी म्हणालो, आमच्या मॅडमनाही मी हेच विचारलं होतं. 'मग काय म्हणाल्या?' म्हणाल्या, बघत राहा.

परवा, शुक्रवारी दुपारी, चंद्रकोरीच्या कोरड्या वाडग्यात पान आलं. आधी खाचेच्या मागं एक गडद ठिपका आठवडाभर होता, तुमच्या चित्रात आहे तसाच. त्यातून एक मिटलेली मूठ वर आली, तिला दोन-तीन केस, आणि परवा ती उघडली. तांदळाच्या कणीएवढं पान. वर थेंब नाही, भेट नाही, कुणाची वाट बघणं नाही. आपल्या मुलखात पाऊस येतो, जातो, कधी येतच नाही, आणि ही इवलीशी कधी काळी ठरवून बसली, की मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. शेजारच्या वाडग्यांत विहिरीतल्या आणि केसाळाच्या टिकल्या मोठमोठ्या झाल्यात, काठ चुरगळलेत, सुरया तयार आहेत, आणि त्या थांबल्यात. एकाच घराण्यातल्या. तुमचं खरं होतं, मॅडम. मी तुमचा पुरावा बुडवला, तुमचं खरं मला बुडवता आलं नाही.

पान दिसल्यावर मला आधी काय वाटलं तेही सांगतो. वाटलं, सुटलो. निष्कर्ष बरोबर निघाला, आता तिला सांगायची गरज नाही. त्या आनंदात मी वही उघडली आणि लिहिलं, 'चंद्रकोरी, कोरडा वाडगा. पहिलं पान. वरून पाण्याचा स्पर्श नाही.' आणि हात थांबला. शब्दाला शब्द तुमचीच ओळ. एक खरी, एक खोटी, आणि वाचणाऱ्याला फरक कळायचा काही मार्ग नाही. तो फक्त मला माहीत. आज सकाळी मी तिला फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात, मधलं काही न गाळता.

मग ती म्हणाली, 'किती थेंब?'

'टिकलीला एक.'

'तिन्ही दिवस?'

'तिन्ही.'

'मूर्खा.' आणि परत, 'मूर्खा! भाद्रपदात विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?' तिनं नाक ओढलं. 'तुझ्या आत्ताच्या वहीत तारखा आहेत? रोजच्या?'

'रोजच्या आहेत.'

'चित्रं?'

'आहेत. बदाम नाहीत.'

ती हसली असावी. म्हणाली, 'वही पाठव. मॅडमची ओळ मी तशीच छापणार नाही. शंका लिहीन, आणि तुझं निरीक्षण खाली देईन, तुझ्या नावानं.' मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, तेलुगूत, चहा विचारणारा. तिनं उत्तर दिलं, आणि मग मला विचारलं, 'पण का घातलंस रे पाणी? मी सांगून गेले होते ना?'

मी म्हणालो, 'ऊन लई होतं.'

'बरं,' ती म्हणाली.

वही उद्या जाईल. हे मी वहीच्याच मागच्या पानांवर लिहितोय, पाठवायच्या आधी ही पानं फाडून ठेवीन. ऊन होतं हे खोटं नाही, मॅडम. पण त्या खोलीत कोरडे वाडगे तीन होते, तिन्हींवर तेच ऊन होतं, तिन्ही विटा पांढुरक्या पडल्या होत्या. माझ्या स्वतःच्या वाडग्यावर मी एक थेंबही टाकला नव्हता.